हात लावलेली सोंगटी

आमच्या धर्मापुरीच्या दुकानात गल्ल्यामागील फळीवर जुन्या वह्या वर्षानुसार लावून ठेवल्या आहेत. त्यांपैकी एका वहीच्या शेवटच्या पानाला एक घडी घातलेला कागद चिकटवलेला आहे. तो उधारीचा कागद नाही. बुद्धिबळाच्या एका डावाची ती नोंद आहे. तळाशी पंचाच्या साक्षीने निकाल लिहिला आहे : पांढरे विजयी. त्या डावात पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे होत्या. स्पर्धेच्या दप्तरी तो डाव माझ्या नावे जमा आहे. माझ्या वहीत मात्र तो देणे म्हणून लिहिलेला आहे. हे देणे कसे चढले आणि कितपत फिटले, ते या पर्युषणाच्या निमित्ताने सांगावे असे मनात आले.

ओट्यावरचा पट

परळी-अंबाजोगाईच्या परिसरातील आमचे गाव बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते किल्ल्यामुळे आणि केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे. आम्हा व्यापाऱ्यांचे गाव मात्र तूर, सोयाबीन आणि कापसाच्या हंगामावर चालते. हंगामात पाणी प्यायला उसंत नसते, आणि चैत्र-वैशाखातील दुपारी मात्र रस्त्यावर कुत्रेही फिरकत नाही. अशाच दुपारी आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक निवृत्त गुरुजी येऊन बसत. त्यांच्या पिशवीत कापडी पट आणि लाकडी सोंगट्या असत. मी तेव्हा सातवीत होतो. गुरुजींनी मला घोड्याची अडीच घरांची चाल शिकवली, आणि त्या उन्हाळ्यात मला हा नाद लागला.

गुरुजी देशी पद्धतीने खेळत. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. पटाच्या टोकाला पोहोचलेले प्यादे ज्या घरात शिरे त्या घराची सोंगटी होई, हवा तेव्हा वजीर मागता येत नसे. पुढे स्पर्धांत गेल्यावर ही पद्धत मला विसरावी लागली. पण खेळण्यापूर्वी विचार करावा आणि विचार झाल्यावरच हात पुढे करावा, ही गुरुजींची शिकवण दोन्ही पद्धतींना लागू होती. ती मी नेमकी नको त्या वेळी विसरलो.

बाबूजींना हा खेळ पसंत नव्हता. श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंडविरमण येते. ज्यातून काही निष्पन्न होत नाही अशा उद्योगात आयुष्य दवडणे हा प्रमाद, असे त्यांचे म्हणणे. सात व्यसनांची गणना जुगारापासूनच सुरू होते, याचीही ते आठवण देत. ते म्हणत, "पटावर बसलेला माणूस गिऱ्हाईक विसरतो आणि नवकारही विसरतो." मी फारच हट्ट धरला तेव्हा त्यांनी तीन अटी घातल्या : दुकानाच्या वेळेत खेळायचे नाही, खेळापायी चौविहार मोडायचा नाही, आणि पैसे लावून कधीही खेळायचे नाही. या तिन्ही अटी मी आजवर पाळल्या. चौथी अट त्यांनी घातली नव्हती, कारण ती सांगावी लागेल असे त्यांना वाटलेच नसेल.

फासे नसलेला खेळ

बाबूजींचा आक्षेप मी बरीच वर्षे मनात घोळवत राहिलो. द्यूत आणि बुद्धिबळ हे दोन्ही पटावरचेच खेळ असतील, तर त्यांत फरक कोणता?

आपल्या परंपरेत पटावरच्या खेळांना सरसकट वर्ज्य मानलेले दिसत नाही. ज्ञानबाजी म्हणजेच ज्ञानचौपड हा पट जैन घरांत पर्युषणाच्या दिवसांत खेळला जाई. त्याची जैन रूपे बहुधा चौऱ्याऐंशी घरांची असत. खाली नरकगती, वर सिद्धशिला. शिडी पुण्याची, साप पापाचा. आजची सापशिडी ही त्याच कुळातली, आणि मराठी मुलखातील मोक्षपटही त्याच जातीचा. त्या खेळात दान पडेल तसे चढावे-उतरावे लागते. पूर्वसंचित कर्माचा उदय समजावून सांगण्यासाठी तो उत्तमच.

बुद्धिबळात दान नाही. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा सोंगट्या, चौसष्ट घरे दोघांच्याही डोळ्यांसमोर, काहीही झाकलेले नाही. हरलेल्याला नशिबाकडे बोट दाखवता येत नाही, भावाच्या चढउताराकडे नाही आणि अवकाळी पावसाकडेही नाही. आम्हा व्यापाऱ्यांना तोट्याचे कारण बाहेर शोधण्याची सवय असते, आणि ते कारण पुष्कळदा खरेही असते. पटावर मात्र तोटा झाला तर तो आपल्याच हाताने झालेला असतो. ज्ञानबाजी उदयाचा खेळ असेल, तर बुद्धिबळ हा पुरुषार्थाचा खेळ आहे, असे मला वाटू लागले.

हा खेळ आपल्या प्रदेशाला परका नाही, हे कळल्यावर तर फार आनंद झाला. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंतचे विषय त्यात आहेत, आणि क्रीडांच्या भागात चतुरंगाचे, म्हणजे बुद्धिबळाच्या पूर्वरूपाचे, वर्णन आहे. आमचे केदारेश्वर मंदिरही चालुक्यकालीन म्हणून ओळखले जाते. ज्या काळी त्या मंदिराच्या भिंती घडत होत्या, त्याच काळी काही मजलांवरच्या राजधानीत हत्ती-घोडे पटावर मांडले जात होते, ही कल्पना मला आजही सुखावते. बाबूजींना मी हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "राजाला दुकान सांभाळायचे नव्हते."

घड्याळ, वही आणि मौन

पहिल्या स्पर्धेला गेलो तेव्हा माझे लग्न होऊन दोन मुलेही झाली होती. ओट्यावरचा शूर मी, सभागृहात शिरताच गांगरलो. प्रत्येक पटाशेजारी घड्याळ होते. खेळी केली की आपणच कळ दाबायची. प्रत्येक खेळी स्वतः कागदावर उतरवायची. बोलायचे नाही. मोबाइल बंद करून बाहेर ठेवायचा; डाव चालू असताना तो वाजला तर डाव गेला. आणि सर्वांत कडक नियम असा की आपल्या पाळीत आपल्या ज्या सोंगटीला हेतुपूर्वक हात लावाल, तीच खेळावी लागेल. सोंगटी केवळ घरात नीट बसवायची असेल, तर हात लावण्यापूर्वी तसे बोलून दाखवावे लागते. नंतर सांगून चालत नाही.

यांतली नोंदीची गोष्ट मला लगेच जमली. रोजमेळ लिहिणाऱ्याला हिशेब उतरवण्याचा कंटाळा नसतो. अडचण आली ती मौनाची आणि मोबाइलची. तीन-तीन तास दुकानाची खबर नाही, हे पहिल्या दिवशी सोसवेना. मग एकदा लक्षात आले की सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे आपण हेच तर करतो : एका आसनावर, मौनात, व्यवहार बाजूला ठेवून. बुद्धिबळाला मी सामायिक म्हणणार नाही. एकात समभाव साधायचा असतो, दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्याचा राजा कोंडायचा असतो. पण बसण्याची सवय मात्र एकातून दुसऱ्यात उपयोगी पडली.

चौविहाराचा प्रश्न खराच होता. दिवसाची शेवटची फेरी बहुधा चार-पाचच्या सुमारास सुरू होते, आणि हिवाळ्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो. डाव लांबला की रात्रीचे जेवण चुकते. म्हणून फेरीपूर्वीच शिदोरी उघडायची आणि पाणी पिऊन घ्यायचे, हा माझा क्रम ठरला. बरोबरीचे खेळाडू आधी हसत, पुढे काही आयोजकच विचारू लागले, "शेठजी, तुमचे जेवण झाले ना? मग फेरी लावतो."

हौशी खेळाडूला या स्पर्धा परवडतात त्या जोड्या लावण्याच्या 'स्विस' पद्धतीमुळे. १८९५ साली झ्युरिक येथील एका स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. तिच्यात हरलेला बाहेर पडत नाही. सारखे गुण असलेल्यांच्या शक्यतो एकमेकांशी जोड्या लागतात आणि सर्व फेऱ्या सर्वांना खेळायला मिळतात. त्यामुळे दोन-तीन डाव गमावले की आपण आपल्या योग्यतेच्या पटावर येऊन पोहोचतो. माझी योग्यता बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांच्या मुलांसमोर असे. पाय जमिनीला न टेकणारा मुलगा समोर बसतो, आपल्याला नमस्कार करतो, आणि वीस खेळ्यांत आपला वजीर घेतो. अहंकाराची इतकी स्वस्त निर्जरा अन्यत्र क्वचितच होत असेल.

पुढे मला आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळाले, साडेअकराशेच्या आसपास. १ मार्च २०२४ रोजी जागतिक महासंघाने मानांकनाची खालची मर्यादा एक हजारावरून चौदाशेवर नेली आणि दोन हजारांच्या आतील खेळाडूंचे गुण एका सूत्राने वाढवले. दोन हजारांना जेवढे कमी, त्याच्या चाळीस टक्के भर. एका रात्रीत मी साडेअकराशेचा एकोणीसशे नव्हे, पण चौदाशे नव्वदचा झालो. माल तोच, फक्त भाव चढला. खरा भाव पुढच्याच स्पर्धेत एका नववीतल्या मुलाने दाखवून दिला.

हौशी माणसांचे घराणे

आपण हौशी आहोत याची लाज वाटावी असा हा खेळ नाही. १९३५ साली अलेखिनसारख्या धुरंधराला हरवून जगज्जेता झालेले नेदरलँड्सचे माक्स यूवे हे पेशाने गणिताचे शिक्षक होते. दोन वर्षांनी त्यांनी अलेखिनला पुन्हा संधी दिली आणि ते पद गमावले. त्यांचे शिकवणे मात्र सुटले नाही. पुढे ते जागतिक महासंघाचे अध्यक्ष झाले, आणि तेथे त्यांची गाठ एका मराठी मुलीच्या प्रश्नाशी पडली. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी भारतीय महिला बुद्धिबळाचा पाया घातला. वासंती १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या विजेत्या. रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ उठला. स्त्री म्हणून कोणालाही अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा यूवे यांनी दिला. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आज तालुक्याच्या स्पर्धांतही मुलींच्या रांगा दिसतात, त्यामागे एवढा मोठा रस्ता आहे.

आमच्यासारख्यांची खरी काशी म्हणजे सांगली. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी आयुष्य वेचून वाढवलेले तेथील नूतन बुद्धिबळ मंडळ आणि उन्हाळ्यातील तिथल्या स्पर्धा यांचे नाव प्रत्येक मराठी खेळाडूने ऐकलेले असते. स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर त्याच नगरीची. परळीहून मिरजेकडे जाणारी गाडी धरून मी एकदा तेथे गेलो. माझा क्रमांक सांगण्याजोगा नव्हता. परंतु डाव संपल्यावर हरणारा आणि जिंकणारा शेजारी बसून 'येथे काय चुकले' हे एकमेकांना दाखवतात, ती रीत तेथे मनात ठसली. हिंदीत तिला विश्लेषण म्हणोत की इंग्रजीत आणखी काही. मला ती आलोचनेची आठवण करून देते. आपलाच दोष आपल्याच तोंडाने, जाणत्यासमोर मांडायचा.

हत्तीला लागलेली बोटे

आता त्या कागदाकडे येतो. सहा वर्षांपूर्वीची, जिल्हा पातळीवरची एक साधी स्पर्धा. शेवटची फेरी. समोर अकरा वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या घातलेली, प्रत्येक खेळीनंतर पेन्सिल नीट आडवी ठेवणारी. जिंकलो तर मला पंचेचाळिशीवरील गटात पहिले बक्षीस होते. एक चषक आणि एक हजार रुपये.

डाव शेवटाकडे आला होता. माझ्याकडे हत्ती, उंट आणि काही प्यादी. तिच्याकडे हत्ती, घोडा आणि तेवढीच प्यादी. माझी स्थिती किंचित बरी होती. मी हत्ती उचलायला हात पुढे केला. बोटे हत्तीच्या माथ्यावर टेकली आणि त्याच क्षणी दिसले की हत्ती त्या रांगेतून हलला, तर तिचा घोडा मोकळ्या घरात येईल आणि एकाच वेळी राजाला शह व उंटावर हल्ला होईल. उंट जाणार होता. मी हात मागे घेतला आणि राजा खेळलो.

ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही हत्तीला हात लावला होता."

मी काही बोललो नाही. तिने हात वर केला. पंच आले. त्यांनी मला विचारले. आजूबाजूचे डाव संपून गेले होते, पाहणारा कोणी नव्हता. मी म्हणालो, "नाही, मी तो घरात नीट करत होतो. तसे म्हणालोही होतो. हिने ऐकले नसेल."

ही दोन वाक्ये होती आणि दोन्ही खोटी. पंचांनी मुलीकडे पाहिले. साक्षीदार नसताना त्यांना तरी काय करता येणार? इतक्यात दारापाशी उभे असलेले तिचे वडील तिला म्हणाले, "बाळा, शेठजी मोठी माणसं आहेत, खोटं कशाला बोलतील? खेळ तू." ती खाली पाहून खेळू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. मात्र त्यानंतर तिने पेन्सिल एकदाही आडवी ठेवली नाही. ती मुठीत घट्ट धरूनच होती. पुढच्या दहा-बारा खेळ्यांत ती चुकली आणि मी जिंकलो.

चषक घरी आणला. मुलांनी तो कपाटावर ठेवला. बाबूजी तेव्हा थकले होते, पण त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा या खेळाबद्दल कौतुकाचा शब्द काढला. म्हणाले, "बरे झाले, तुझ्या हट्टाचे काही तरी फळ मिळाले." त्या रात्री मला झोप लागली नाही.

लिनारेसचा घोडा

स्वतःची समजूत घालण्यासाठी माणूस मोठ्यांची उदाहरणे शोधतो. मीही शोधले. १९९४ साली स्पेनमधील लिनारेस येथे तेव्हाचा अव्वल खेळाडू गॅरी कास्पारोव आणि सतरा वर्षांची हंगेरियन मुलगी ज्युडिट पोल्गार यांचा डाव झाला. कास्पारोवने घोडा एका घरात ठेवला, बोटे क्षणभर सुटली, चूक दिसली, आणि त्याने तो दुसऱ्याच घरात नेला. नियमाप्रमाणे बोटे सुटली की खेळी पक्की. चित्रफितीत बोटे सुटल्याचे पुढे दिसून आले. पोल्गारने त्या वेळी पंचांकडे दाद मागितली नाही. डाव कास्पारोवने जिंकला.

हे वाचून सुरुवातीला हायसे वाटले. एवढ्या मोठ्याच्या हातून घडते, तर माझी काय कथा! पण हा दिलासा दोन दिवसही टिकला नाही. तेथे निमिषाच्या अंशाचा वाद होता आणि समोरची मुलगी गप्प राहिली होती. येथे तिने मला स्पष्ट विचारले होते आणि मी स्पष्ट खोटे बोललो होतो. दुसऱ्याच्या वहीतले देणे पाहून आपले देणे कमी होत नाही, हे व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावे लागू नये.

त्या वर्षीचे पर्युषण आले. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात व्रतांतील अतिचारांची आलोचना दरवर्षीप्रमाणे झाली. मृषावादाचे व्रत आले तेव्हा मान खाली गेली. अदत्तादानाच्या व्रताशी मात्र मी थबकलो. आजवर 'न दिलेले घेणे' याचा अर्थ मी तराजू, माप आणि दुसऱ्याचा माल एवढाच केला होता. आमच्या तराजूवर कोणी बोट ठेवावे असे कधी घडले नाही, याचा अभिमानही होता. आता दिसले की त्या मुलीने न दिलेला एक गुण मी घेतला होता. तो गुण, तो चषक, ते हजार रुपये, बाबूजींचे ते कौतुकाचे वाक्य : सगळेच अदत्त.

दुसऱ्या दिवशी गावभर 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत फिरलो. पुढे क्षमावाणीला दिगंबर बंधूंनाही शुभेच्छा दिल्या. दोनशे माणसांची क्षमा मागितली असेल, आणि त्यांतील एकाचाही मी त्या वर्षी अपराध केला नव्हता. जिचा केला होता, ती तीस कोसांवरच्या एका गावी शाळेत बसली होती. दिवाळीला नवी वही घातली तेव्हा जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर तो कागद चिकटवला आणि वर लिहिले : एक गुण, देणे.

देणे फेडताना

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत ती दिसली. उंची वाढली होती, वेण्या तशाच होत्या. मी आधी पंचांना भेटलो आणि सर्व सांगितले. ते म्हणाले, "निकाल आता बदलत नाही, शेठजी. पण सांगितलेत, बरे केलेत." मग मुलगी आणि तिचे वडील यांच्यासमोर उभा राहिलो. वडिलांचे शब्द माझ्या कानांत वर्षभर होते. म्हणून आधी त्यांनाच हात जोडले. म्हणालो, "तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात आणि मुलीला गप्प बसवलेत. खरी ती होती. मी हत्तीला हात लावला होता आणि खोटे बोललो. मला क्षमा करा." चषक आणि हजार रुपयांचे पाकीट मी पुढे केले.

वडील अवघडून गेले. काय बोलावे त्यांना सुचेना. मुलगी मात्र शांत होती. ती म्हणाली, "मला माहीत होतं, काका." मग थोडे थांबून म्हणाली, "पण तुम्ही हत्ती खेळला असता तरी हरला नसता. मी घरी मांडून बघितलं."

तिने मोकळ्या पटावर ती स्थिती स्मरणाने मांडली. हत्ती हलवला, घोड्याचा दुहेरी हल्ला दाखवला, उंट काढून घेतला. मग माझ्या बाजूने खेळत तिने दाखवले की उंट जात असतानाच माझ्या हत्तीला तिची प्यादी एकेक करून मारता येत होती. शेवटी तिच्याकडे हत्ती व घोडा, माझ्याकडे एकटा हत्ती, प्यादी कोणाचीच नाहीत. असा शेवट नीट बचाव केल्यास सामान्यतः बरोबरीत सुटतो, हे पुस्तकातले ज्ञान त्या बारा वर्षांच्या मुलीला होते; मला नव्हते. म्हणजे ज्या हानीच्या भीतीने मी खोटे बोललो, ती हानी व्हायचीच नव्हती. फार तर अर्धा गुण गेला असता.

"खेळून बघू या?" तिने विचारले. आम्ही तेथून पुढे खेळलो. बरोबरीत सुटू शकणारा तो डाव मी अर्ध्या तासात हरलो. ती पहिल्यांदा हसली. वडिलांनी चषक घेतला नाही; मुलीने तो नको म्हटले. हजार रुपयांचे पट आणि सोंगट्या घेऊन आमच्या गावच्या शाळेला दिल्या. चषक मी घरी नेला आणि बाबूजींना सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रमाद खेळात नव्हता तर." इतक्या वर्षांनी त्यांनी आपला आक्षेप मागे घेतला तो असा, आणि तो ऐकताना मान वर करण्याची माझी छाती झाली नाही.

बाबूजी आता नाहीत. चषक कपाटात मागे आहे. वहीतला कागद मी काढलेला नाही, कारण ते देणे पूर्ण फिटले असे मला वाटत नाही. त्या मुलीला तिचा डाव परत मिळाला नाही. फक्त ती खरी होती एवढे तिच्या वडिलांना कळले. कदाचित तिला तेवढेच हवे होते. तिच्या मनातले मी कसे सांगू?

खेळात, बाजारात आणि घरात मोहाचे क्षण सारखेच येतात. समोरचा लहान असतो, साक्षीदार नसतो, आणि आपल्या पांढऱ्या केसांवर लोकांचा विश्वास असतो. चारही कषाय त्या एका क्षणी पटावर मांडलेले असतात : हरण्याचा क्रोध, वयाचा मान, शब्दांतील माया आणि एका चषकाचा लोभ. हत्ती उचलून खेळणे एवढाच त्यांवर उपाय होता, आणि तो माझ्या बोटांखाली होता.

हल्ली उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या ओट्यावर पुन्हा पट मांडला जातो. गावातली सात-आठ मुले-मुली येतात. घोडा कसा चालतो हे त्यांना कुठूनही कळते, मोबाइलवरसुद्धा. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना चाली शिकवत नाही. सोंगट्या मांडून एवढेच सांगतो : आधी पाहा, मग ठरवा, मगच हात पुढे करा, आणि हात लावलात तर तीच खेळा, कोणी पाहत असो वा नसो.